मे महिन्यात हरवलेली माणसं

यमुनाबाई गेल्याचं मला त्यांच्या शोकसभेच्या निमंत्रणावरून कळलं. फोनवर एक चित्र आलं. कडेने काळी चौकट, आत त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली संस्थेचं नाव आणि सभेची वेळ. त्या गेल्याला तोवर सहा दिवस झाले होते. रेवदंड्याला स्वतःच्या अंगणात, भरदुपारी, वाळत घातलेली सुकट उलटवता उलटवता त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. माझ्या चौलच्या घरापासून ते अंगण चालत अर्ध्या तासावर आहे. पण रेवदंड्यातून मला कोणी कळवलं नाही, आणि कळवावं असं मी तिथे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. कळवलं ते मुंबईच्या संस्थेने, जिने त्यांना दीड वर्षापूर्वी काढून टाकलं होतं.

मागोमाग कार्यालयातून फोन आला, "सर, तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्याच हाताखाली होत्या ना त्या." मी हो म्हणालो. सभेत आमचे प्रमुख डॉक्टर बोलले. यमुनाबाई आमच्या रुग्ण-नोंदणीचा कणा होत्या, आणि कौटुंबिक कारणामुळे त्यांना काम सोडावं लागलं याचं संस्थेला फार दुःख आहे, असं म्हणाले. मग मी उठलो. मी चांगलं बोलतो असं लोक म्हणतात. त्यांच्या चिकाटीबद्दल बोललो, गावोगाव हिंडण्याबद्दल बोललो, आणि शेवटी, कोणी सांगितलेलं नसताना, तेच वाक्य मीही म्हणालो. घरच्या अडचणींमुळे त्यांनी काम सोडलं. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. आता मला नोकरी नाही, वरिष्ठ नाहीत, कोणाची भीती नाही. तरी तोंडातून तेच बाहेर पडलं... सवयीने.

सभा संपल्यावर जिन्यापाशी त्यांची मुलगी दीपा उभी होती. ती गावात बालवाडी चालवते. तिने नमस्कार केला आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, घरी अडचण कंची होती?"

मी खाली वाकून चपला शोधायला लागलो.

"न्हाय, आमाला पन कळू दे. घर आमचंच होतं."

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. अडचण घरी नव्हती, माझ्या टेबलावर होती. शोकसभेत मी खोटं बोललो. त्याआधी एका कागदावर सही करून खोटं लिहिलं. आणि त्याच्याही आधी, जे लिहायचं होतं ते न लिहिता गप्प बसलो, ते या सगळ्यात वाईट. खाली येणाऱ्या रुग्णांची नावं बदलली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना विचारून लिहितो आहे. यमुनाबाईंचं नाव बदललेलं नाही.

काम काय होतं ते आधी सांगतो. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांवर हल्ली एक नवा उपचार होतो. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. बदललेल्या पेशी कर्करोगाला शोधून मारतात. जिथे सगळे इलाज हरले होते तिथे माणसं उठून घरी चालत गेलेली मी पाहिली आहेत. उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. पण जो आज घरी चालत गेला त्याचं पाच वर्षांनी काय होईल, पंधरा वर्षांनी काय होईल, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे. माणसाच्या मागे राहायचं, ठरावीक दिवसांनी विचारायचं आणि जे असेल ते लिहून ठेवायचं. त्यालाच नोंदणी म्हणतात. पुढचा रुग्ण दारात आला की या नोंदीवरून त्याला सांगायचं असतं, की तुझ्या आधीच्यांचं असं असं झालं, आता तू ठरव. सरकारी रुग्णालयाच्या अभिलेख विभागातून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी संस्थेने मला या नोंदणीवर नेमलं. मांडव्याहून लाँचने आठवड्यातून तीनदा जायचो. टेबल, खुर्ची, दारावर नाव. त्या वयात हे आवडतं.

आमच्याकडचे पुष्कळ रुग्ण गरीब होते, कारण उपचार अभ्यासाचा भाग म्हणून मोफत मिळत होता. त्यांतले काही रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्याशी संपर्क ठेवायला तिथलंच माणूस हवं म्हणून यमुनाबाईंना मुलाखतीला बोलावलं. पन्नाशीच्या, कोळीवाड्यातल्या, आधी बरीच वर्षं गावात आरोग्यसेविकेचं काम केलेलं. मी विचारलं, "फोनवर बोलायची सवय आहे का?"

"फोनवर काय साहेब, कुनी पन बोलंल. फोन न उचलनाऱ्यांशी बोलायची सवय हाय मला."

मी हसलो आणि त्यांना घेतलं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात किनाऱ्याकडच्या रुग्णांची यादी दिली. त्यांनी बोट फिरवत फिरवत यादी वाचली आणि एका नंबरावर थांबल्या. "हा नंबर त्या मान्साचा न्हाय. हा त्याच्या मेव्हन्याचा, तो मुंबईला बर्फाच्या गाडीवर असतो. ह्याला फोन लावून तुमाला काय कळनार?" आमच्या फॉर्मवर संपर्कासाठी एकच रकाना होता, आणि त्यात नंबर पडायचा तो रुग्णाला रुग्णालयात घेऊन आलेल्या माणसाचा, म्हणजे घरातल्या मुंबईत कामाला असलेल्याचा. वर्षानुवर्षं आम्ही बर्फाच्या गाड्यांना आणि गोदीतल्या पहारेकऱ्यांना फोन करून रुग्णाची तब्येत विचारत होतो. नियम असा होता, की तीन वेगवेगळ्या दिवशी कार्यालयीन वेळेत फोन करायचा. तीनदा उचलला गेला नाही तर नावापुढे "संपर्क तुटला" लिहायचं. आणि तसं लिहिलं की तो माणूस हिशेबातून बाहेर. तो जगलेल्यांत धरायचा नाही आणि गेलेल्यांतही नाही. उरलेल्यांवरून निकाल काढायचा. तो निकाल चांगला दिसायचा, कारण ज्यांचं वाईट झालं ते फोन उचलत नव्हते. हे मला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं मी कागदांतच काढली होती.

यमुनाबाई फॉर्म हातात धरून प्रश्न वाचत नसत. "काही त्रास आहे का?" या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, "न्हाय." घरी आलेल्या माणसाला दुखणं सांगणं वाईट दिसतं. म्हणून त्या विचारायच्या, काल काय जेवलास, विहिरीवरून पाणी कोण आणतं, बंदरापर्यंत चालत गेलास की कोणाच्या गाडीवर. उत्तरांवरून फॉर्म त्या मागाहून भरायच्या. त्यांचा फॉर्म वाचला की माणूस दिसायचा. आणि ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांना शोधायला त्या मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर जाऊन उभ्या राहायच्या. आजाराचं नाव नाही, रुग्णालयाचं नाही. नुसतं, "अमका दिसला न्हाय कवाचा?" एवढंच. कोणीतरी सांगायचंच.

मी त्यांना एका गोष्टीत पहिल्या वर्षापासून अडवलं, ती म्हणजे तारीख. आमची नोंदणी दर वर्षी मे अखेरीस बंद व्हायची. एकतीस तारखेला जे असेल ते गोठवायचं, त्याला कार्यालयात डेटा लॉक म्हणत, आणि त्यावर वर्षाचा अहवाल लिहायचा. आता मे महिन्यात किनाऱ्यावर काय चालतं ते इथल्या कोणालाही विचारा. एक जूनपासून मासेमारीला बंदी लागते, म्हणून मे महिनाभर होड्या शेवटच्या फेऱ्या मारत असतात. बाप्ये समुद्रावर, बाया सुकट वाळवण्यात आणि बाजारात. घरात फोन उचलायला कोणी नसतं. आणि बंदी लागली की दोन महिने सगळे घरी, जाळी शिवत बसलेले. म्हणजे ज्या दिवशी आम्ही वही मिटायचो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळी माणसं सापडायला लागायची.

"साहेब, दोन महिनं थांबा," त्या म्हणाल्या. "जुलैला बंद करा. एकेकाला धरून आनते."

"असं नाही करता येत. वर्ष म्हणजे वर्ष."

"आमचं वरीस बंदीला संपतं. तुमचं नेमकं एक दिस आदी संपतं."

मी तारीख बदलली नाही. त्या मेमध्ये किनाऱ्यावरच्या सहा जणांपुढे "संपर्क तुटला" लागलं. जून उजाडताच यमुनाबाई त्यांना शोधायला निघाल्या, आणि एका दिवशी मीही सोबत गेलो. मला वाटतं, त्यांचं काही चुकतं आहे का ते बघायला गेलो होतो.

आम्ही काशीदच्या पुढे एका कोळीवाड्यात गेलो. बंदरावर यमुनाबाईंनी नुसतं नाव घेऊन घर विचारलं. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. धर्मा नावाच्या तांडेलाचं घर. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. चाळिशीतला माणूस, उपचार होऊन घरी गेला तेव्हा आमच्याकडे सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेला होता. त्याची बायको ओसरीवर जाळं पसरून बसली होती. यमुनाबाई तिच्या शेजारी बसल्या, जाळ्याचं एक टोक मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ दोघी फक्त शिवत राहिल्या. मी खुर्चीत अवघडून बसलो होतो. मग तीच सांगायला लागली. माघात ताप आला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. अलिबागला नेईपर्यंत गेला.

मी विचारलं, "मुंबईला का नाही आणलं? आमच्याकडे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, मूल मोठ्या माणसाकडे पाहतं तसं. "क्यान्सर बरा झाला बोलले ना तुमचे डाक्टर? मग तापाला कोन मुंबईला जातं?"

परतताना आम्ही रिक्षा केली. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "तिचं बरोबर हाय, साहेब. तापाला कोन जातं? आपन सांगितलं का तिला, जा म्हनून?"

"पहिल्या महिन्यात ताप आला तर ताबडतोब या, असं माहितीपत्रकात आहे."

"हा आठवा महिना व्हता."

हा उपचार कर्करोगाबरोबर रक्तातल्या आणखीही काही पेशी मारतो, ज्या जंतूंशी लढतात. त्या पुन्हा भरून यायला महिने लागतात, कधी वर्षंही. तोवर साधा ताप साधा नसतो. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रुग्णाच्या हातात पडणाऱ्या माहितीपत्रकात ताकीद होती ती पहिल्या महिन्यापुरती, कारण आमच्या नोंदीत त्यानंतर तापाने कोणी गेलेलंच नव्हतं. नोंदीत का नव्हतं, ते आता वाचकांना कळलं असेल.

त्या दोन महिन्यांत यमुनाबाईंनी सहांपैकी पाच जण शोधले. धर्मासारखीच आणखी एक बाई तापाने गेली होती. एकजण आजारी होता. आणि दोघं ठणठणीत होते, हेही सांगायला हवं, कारण बरं झालेली माणसंही आम्ही हरवून बसलो होतो. त्यांतली एक कोळीण तर यमुनाबाईंवरच खेकसली होती, "मी हरवले? मी रोज सकाळी बाजारात बसते. तुमचे डाक्टर कोलंबी न्यायला येत न्हाय, त्याला मी काय करू?" हे मला सांगताना यमुनाबाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग त्यांनी पाचही फॉर्म टेबलावर ठेवले. "घ्या. भरून टाका."

मी फॉर्म घेऊन प्रमुखांकडे गेलो. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. रुग्णांना नावाने ओळखत. त्यांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "वाईट वाटतं. पण आकडे गोठलेत. पुढच्या अहवालात घ्या."

"आणि माहितीपत्रक?"

"माहितीपत्रक अहवालावरून बनतं. क्रम आहे त्याला."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. इतकी वर्षं मी हा प्रसंग स्वतःलाही असाच सांगत आलो, की प्रमुखांनी अडवलं. ते खरं नाही. बंद झालेली नोंद पुन्हा उघडायची सोय आमच्या नियमांत होती. त्यासाठी एक सही लागायची, आणि ती सही नोंदणीच्या प्रमुखाची, म्हणजे माझी. डॉक्टरांच्या सहीची गरजच नव्हती. मी पेन उचलायचं होतं, पाच वेळा. नाही उचललं. का, ते लिहितो. तो अहवाल परदेशातल्या एका परिषदेत वाचला जाणार होता आणि लेखकांच्या यादीत चौथ्या जागी माझं नाव होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांचे कागद लावले, माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. नोंदी उघडल्या असत्या तर अहवाल मागे घ्यावा लागला असता. एवढंच कारण. याहून मोठं काही नव्हतं. फॉर्म मी खणात ठेवले आणि यमुनाबाईंना सांगितलं, "प्रक्रिया चालू आहे."

पुढच्या वर्षी प्रक्रिया चालूच राहिली. आता नोंदी उघडायच्या तर मागच्या वर्षी का उघडल्या नाहीत तेही सांगावं लागलं असतं. आणि त्या वर्षी, बंदीच्या दिवसांत, यमुनाबाई मुरूडकडच्या एका गावात रेश्माच्या घरी पोहोचल्या. अठ्ठावीस वर्षांची, शिवणकाम करणारी मुलगी. धर्माचा फॉर्म माझ्या खणात पडून होता त्या काळात तिच्यावर उपचार झाला होता. जाताना तिच्या हातात तेच माहितीपत्रक दिलं होतं, पहिल्या महिन्यापुरतं. तिला सातव्या महिन्यात ताप आला. घरच्यांनी तीन दिवस पट्ट्या ठेवल्या.

त्या दिवशी यमुनाबाई कार्यालयात आल्या आणि बसल्या नाहीत. पिशवी खांद्यावरच होती. "साहेब, तो कागद मागल्या वर्सी बदलला असता तर ही पोरगी जगली असती का?"

"असं सरळ म्हणता येत नाही, यमुनाबाई."

"मग जसं म्हनता येतं तसं म्हना. पन कुठंतरी लिवा."

मी म्हणालो, बघतो. त्यांनी "बघतो" हा शब्द माझ्या तोंडून किती वेळा ऐकला असेल. त्या उभ्याच राहिल्या, मी समोरचा कागद वाचत असल्याचं दाखवत राहिलो, आणि काही वेळाने त्या गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने बाळाराम त्यांच्याकडे आला. किहीमला एका बंगल्याची बाग बघणारा माळी. त्याला हा उपचार सुचवला होता आणि तो माहितीपत्रक घेऊन आला होता. "ताई, घेऊ का?" यमुनाबाईंनी त्याला घेऊ नको असं सांगितलं नाही. नावं सांगितली नाहीत, गावंही नाहीत. एवढंच सांगितलं, की ह्यानं कॅन्सर जातो, मी डोळ्यांनी बघितलंय, पण आपल्याकडची तीन माणसं नंतर तापानं गेली. वर्षभर साधा ताप आला तरी थांबायचं नाही. बाळारामने उपचार घ्यायचं ठरवलं, आणि भरती होताना भोळेपणाने डॉक्टरांना विचारलं, "ती तीन मान्सं तुमच्या कागदात का न्हाईत?"

चार दिवसांत चौकशी बसली. यमुनाबाईंना कामावरून काढण्याच्या पत्राचा मसुदा प्रमुखांच्या कार्यालयातून तयार होऊन आला. रुग्णांची गोपनीय माहिती बाहेर सांगितली, आणि सार्वजनिक ठिकाणी रुग्णांची चौकशी केली, हे दोन आरोप. खाली सही नोंदणी प्रमुखाची. या वेळी पेन उचलायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

यमुनाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "सार्वजनिक ठिकान म्हंजे लिलाव काय?"

"हो."

"लिलावात मी मान्साचं नाव घेतलं, आजाराचं न्हाय. धर्माचं घर बंदरावर इचारलं, तवा तुमी व्हता ना माज्यासंगं?"

"होतो."

त्या थांबल्या. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "माझाही नाइलाज आहे." त्यांनी पत्राची घडी केली आणि म्हणाल्या, "बरं. रेश्माच्या आईला पुढल्या म्हैन्यात फोन करायचा हाय, ते कुनाला तरी सांगून ठेवा." आणि गेल्या. मी कोणालाही सांगून ठेवलं नाही.

सहा महिन्यांनी संस्थेने माझं वय झालं म्हणून मलाही निरोप दिला, हार घालून. त्यानंतर रेवदंड्याच्या बाजारात यमुनाबाई मला दोनदा दिसल्या, सुकट विकायला बसलेल्या. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला पाहिलं होतं. हाक मारली नाही.

शोकसभेहून परतल्यावर मी संस्थेच्या नैतिक समितीला पत्र लिहिलं, आणि अशा अभ्यासांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयालाही. कोण कधी गेलं, कशाने गेलं, कोणाला कधीपासून ठाऊक होतं, नोंद उघडण्याचा अधिकार कोणाचा होता, यमुनाबाईंवरचे दोन्ही आरोप खोटे असल्याचं मला सही करतानाच कसं माहीत होतं, हे सगळं. समितीकडून पोच आली आहे. प्रमुखांचा फोनही आला. म्हणाले, "आता या वयात हे कशाला काढता? बाई गेल्या. त्यांचं नाव चांगलंच राहिलंय." मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल, आणि फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, की असं म्हणायची मोकळीक मीच त्यांना दिली आहे, सभेत उभा राहून. माहितीपत्रक अजून तेच आहे. मी गेल्या आठवड्यात मागवून पाहिलं. पहिला महिना. कोणी मला प्रामाणिक म्हणू नये, उशिरा का होईना खरं बोलला असंही म्हणू नये. रेश्माला या उशिराचा काही उपयोग नाही.

चार दिवसांपूर्वी बंदी लागली. दुसऱ्या दिवशी पत्राची प्रत घेऊन मी दीपाकडे गेलो. तिने प्रत वाचली, शेवटपर्यंत, मग घडी करून डब्यांच्या फळीवर ठेवली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. पाणी दिलं. मी निघण्याच्या विचारात होतो तेवढ्यात फळीवरचा जुना फोन वाजला, मागे रबर बांधलेला.

"हालो... न्हाय, मी दीपा. आई गेली. हां... दीड म्हैना झाला. तुमाला ताप हाय काय? कधीपासून? मोजला का? रडू नका आता, आदी मोजा. मी फोन चालू ठेवते." ती फोन कानाला धरून उभी राहिली. पलीकडे थर्मामीटर लागत होता. मग तिने आकडा ऐकला आणि म्हणाली, "निगा. जेवन बिवन न्हाय, आता निगा. रिक्षात बसलात की मला सांगा."

तिने मला मग सांगितलं. काढून टाकल्यावरही यमुनाबाई त्या सगळ्यांना स्वतःच्या फोनवरून फोन करत होत्या. प्रत्येकाला बजावून ठेवलं होतं, ताप आला तर आधी मला सांगा, मग गोळी घ्या. गेल्या वर्षी बाळारामला नवव्या महिन्यात ताप आला तेव्हा त्यांनी शेजारची रिक्षा घेऊन त्याला स्वतः मांडव्यापर्यंत नेलं होतं. तो वाचला, किहीमला आहे, बागेत काम करतो. यातलं काहीही संस्थेच्या नोंदीत नाही. आणि गेले दीड महिने ते फोन दीपा उचलते आहे. दर वेळी आधी आई गेली म्हणून सांगायचं, मग ताप विचारायचा.

"बालवाडीत असतेस तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा वाजून वाजून बंद होतो."

मी तिला म्हणालो, तेवढा वेळ तो फोन माझ्याकडे वळव. ती लगेच हो म्हणाली नाही. ओसरीवरून जाळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वळवते. पन उचलायला लागंल, साहेब. तीनदा वाजला आन सोडला असं चालनार न्हाय."

तिने मला दहा ते एक एवढेच तास दिले आहेत. आज तिसरा दिवस. साडेअकराला बाळारामच्या बायकोचा फोन आला होता. ताप कोणालाच नव्हता. तिला फक्त बघायचं होतं, कोणी उचलतंय का.